शास्त्रांतील क्रांति आणि वर्गांतील चूक

वर्गांत गुरुजी फरशीवरून एक चेंडू घरंगळत सोडतात. चेंडू कांहीं अंतर जातो, मंदावतो व थांबतो. "चेंडू कां थांबला?" असा प्रश्न ते विचारतात. मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून सांगतो, "गुरुजी, त्याच्यांतला जोर संपला." पुस्तकांतील उत्तर असें नसतें. तेथें घर्षणाचें नांव असतें आणि न्यूटनचा पहिला नियम असतो. गुरुजी म्हणतात, "चूक. खालीं बस." दुसरा मुलगा नियम घडाघडा म्हणून दाखवितो, त्यास शाबासकी मिळते आणि धडा पुढें सरकतो.

असा प्रसंग कोणत्याही शाळेंत, कोणत्याही दिवशीं घडूं शकतो, आणि त्यांत कोणाचें कांहीं बिघडलें असें वरवर पाहतां दिसत नाहीं. परंतु पहिल्या मुलाच्या मनांत 'हा विषय आपल्यासाठीं नाहीं' ही समजूत त्या क्षणीं रुजूं लागते. आणि ज्यास शाबासकी मिळाली त्याच्याही मनांत 'जोर संपला' हीच कल्पना बहुधा जशीच्या तशी नांदत असते. एकाची हानि उघड होते, दुसऱ्याची झांकली जाते. ही दुहेरी हानि कशी टळेल, या प्रश्नाचा विचार करण्यास शास्त्राचा इतिहास मोठें साहाय्य करतो.

१९४७ सालची गोष्ट आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत टॉमस कून नांवाचा तरुण पदार्थविज्ञानांत संशोधन करीत होता. विद्यापीठाचे तेव्हांचे अध्यक्ष जेम्स कॉनंट हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ. ज्यांचा विषय शास्त्र नाहीं अशा विद्यार्थ्यांना शास्त्राचें स्वरूप इतिहासांतील उदाहरणांवरून शिकवावें, अशी योजना त्यांनीं आंखली होती. या वर्गासाठीं गतिशास्त्राच्या उगमाविषयीं पाठ तयार करण्याचें काम कूनकडे आलें, आणि त्याकरितां त्यानें ॲरिस्टॉटलचा 'फिजिक्स' हा प्राचीन ग्रंथ वाचावयास घेतला. न्यूटनच्या गतिशास्त्रांत मुरलेल्या त्या तरुणाला हा ग्रंथ म्हणजे चुकांचें भांडार वाटला. परंतु एक शंका त्यास स्वस्थ बसूं देईना. तर्कशास्त्रांत आणि प्राणिशास्त्रांत ज्याची बुद्धि इतकी सूक्ष्म चालली, तो पुरुष गतीविषयीं लिहितांनाच एवढा मूढ कसा झाला?

त्या उन्हाळ्यांत या कोड्याचा उलगडा झाला. न्यूटनच्या प्रश्नांचीं उत्तरें कून हा ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांत शोधीत होता. पण ॲरिस्टॉटलचे प्रश्नच निराळे होते. त्याच्या लेखीं 'गति' म्हणजे केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागीं जाणें नव्हे, तर सर्व प्रकारचा पालट. बीजाचा वृक्ष होणें, आजारी मनुष्य बरा होणें आणि दगड खालीं पडणें हीं सर्व त्यास एकाच जातीचीं उदाहरणें वाटत. या दृष्टीनें वाचूं लागतांच जीं वाक्यें वेडगळ वाटलीं होतीं तीं एकमेकांशीं जुळूं लागलीं. ग्रंथांतील अक्षर बदललें नव्हतें, वाचणाऱ्याची दृष्टि बदलली होती. याच अनुभवांतून वाढलेला विचार कूननें १९६२ सालीं 'वैज्ञानिक क्रांत्यांची रचना' या अर्थाचें नांव असलेल्या इंग्रजी ग्रंथांत मांडला, व तो जगभर गाजला. शास्त्राच्या इतिहासाकडे पाहण्याची ही नवी दृष्टि एका वर्गासाठीं पाठ तयार करतां करतां जन्मली, ही गोष्ट शिक्षकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

कूनचें म्हणणें थोडक्यांत असें. शास्त्रज्ञ नेहमीं विचाराच्या एका ठराविक चौकटींत राहून काम करतात. या चौकटीस त्यानें 'पॅराडाइम' हा शब्द योजला. कोणते प्रश्न विचारण्याजोगे, कोणतें उत्तर समाधानकारक आणि कोणता प्रयोग नमुनेदार, हें सर्व ती चौकट ठरविते. तिच्यांत न बसणारी एखादी गोष्ट आढळली म्हणून लगेच कोणी ती टाकून देत नाहीं. अशा विसंगति सांठत जातात, जुनी चौकट अपुरी पडूं लागते, आणि तिच्या जागीं घेण्याजोगी दुसरी चौकट पुढें येते, तेव्हांच क्रांति घडते. क्रांतीनंतर पाठ्यपुस्तकें नव्यानें लिहिलीं जातात. त्यांतून जुन्या चौकटीचा मागमूस जातो, आणि ज्ञान म्हणजे विटेवर वीट रचीत सरळ वर चढलेली भिंत, असा भास विद्यार्थ्यास होतो.

आतां चेंडूकडे परत यावें. ॲरिस्टॉटलच्या मतें जड वस्तु स्वभावतः पृथ्वीच्या मध्याकडे जाते. याखेरीज अन्य दिशेनें तिनें चालावें तर तिला चालविणारा कोणी तरी सतत हवा. बैल थांबले कीं गाडी थांबते, हें ज्यानें पाहिलें त्यास हें मत पटण्यास अडचण नाहीं. परंतु हातांतून सुटलेला धोंडा हात मागें राहिला तरी पुढें कां जातो, ही विसंगति राहिलीच. ॲरिस्टॉटलनें तिचें ओझें हवेवर टाकलें. हवाच धोंड्यास पुढें नेते, असें त्याचें उत्तर होतें. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसनें तें नाकारलें. चौदाव्या शतकांत पॅरिस येथील पंडित जाँ बुरिदान यानें सांगितलें कीं, फेंकणारा धोंड्यांत एक प्रकारचा जोर भरतो. तो जोर धोंड्यास पुढें नेतो, आणि हवेचा विरोध व धोंड्याचें वजन यांमुळें क्षीण होत जातो. मागच्या बांकावरचा मुलगा याहून वेगळें काय म्हणाला होता? ज्या उत्तरास 'चूक, खालीं बस' एवढाच निकाल मिळाला, तें उत्तर युरोपांतील विद्यापीठांत दीर्घकाळ मान्यता पावलेल्या उपपत्तीचेंच भावंड होतें. त्या मुलानें बुरिदानचें नांव ऐकलेलें नव्हतें. त्यानें फक्त डोळे उघडे ठेवून चेंडू व भोंवरा पाहिला होता.

पुढची पायरी गॅलिलिओची. गुळगुळीत उतारावरून गोळी सोडावी आणि समोर दुसरा चढ ठेवावा. गोळी चढावर जवळजवळ मूळच्याच उंचीपर्यंत जाते. चढ कमी उभा केला तर तेवढी उंची गांठण्यासाठीं ती अधिक लांब जाते. मग चढ अगदींच सपाट केला तर? उंची गांठावयाचीच नाहीं, म्हणजे थांबण्याचें कारणच उरलें नाहीं! येथें प्रश्नच उलटा झाला. 'वस्तु चालत कां राहते' हा प्रश्न मागें पडला आणि 'चालणारी वस्तु थांबते कां' हा पुढें आला. १६८७ सालीं न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथानें या विचारास नियमाचें रूप दिलें. शाळेंतील पुस्तकांत तो नियम दोन ओळींत मावतो. परंतु त्या दोन ओळींच्या मागें सुमारें दोन हजार वर्षांचा झगडा आहे. विद्यार्थ्यानें तो एका तासिकेंत ओलांडावा, अशी अपेक्षा पुस्तक नकळत करतें.

असाच झगडा भारतांतही झालेला आहे. आर्यभटानें ४९९ सालच्या आपल्या ग्रंथांत पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते असें सांगून नौकेचा दृष्टांत दिला. पुढें जाणाऱ्या नौकेंतील मनुष्यास तीरावरील स्थिर वस्तु मागें जातांना दिसतात, तशीं स्थिर नक्षत्रें पश्चिमेकडे जातांना दिसतात. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें यावर आक्षेप घेतला, कीं पृथ्वी फिरत असती तर आकाशांत उडालेले पक्षी आपल्या घरट्यांस परत येऊं शकले नसते. ब्रह्मगुप्तानेंही आर्यभटाच्या या मतास विरोध केला. हे दोघे थोर ज्योतिर्विद होते. 'चालविणारा सुटला कीं गति सुटली' ही चौकट मान्य केली, तर वराहमिहिराचा आक्षेप बिनतोड आहे. त्यास समाधानकारक उत्तर द्यावयाचें तर गतीची कल्पनाच बदलावी लागते. तें उत्तर गॅलिलिओनें १६३२ सालच्या आपल्या संवादग्रंथांत दिलें. संथ चालणाऱ्या जहाजाच्या डोलकाठीवरून सोडलेला धोंडा काठीच्या पायथ्याशींच पडतो, कारण जहाजाची गति त्याच्याही अंगीं असते. १६४० सालीं गासेंदी यानें मार्सेय बंदरांत चालत्या गलबतावर हा प्रयोग प्रत्यक्ष करून दाखविला. आजही एखादी मुलगी विचारते, "पृथ्वी फिरते तर उडी मारल्यावर मी त्याच जागीं कशी पडतें?" तेव्हां ती वराहमिहिराचाच प्रश्न विचारीत असते. तिला गप्प बसविणें म्हणजे शास्त्राचें दार तिच्या तोंडावर लावणें होय.

जुनी चौकट सोडणें किती कठीण, याचें एक उदाहरण मोठें बोलकें आहे. इंग्लंडांतील जोसेफ प्रीस्टली यानें १७७४ सालीं आज ज्याला प्राणवायु म्हणतात तो वायु वेगळा केला. पण पदार्थ जळतांना त्यांतून 'फ्लॉजिस्टन' नांवाचें द्रव्य बाहेर पडतें, ही त्या काळची समजूत त्याच्या मनांत दृढ होती. त्याच वायूच्या आधारें लाव्हाझिएनें फ्रान्समध्यें ज्वलनाची नवी उपपत्ति उभी केली. प्रीस्टलीनें मात्र १८०४ सालीं देह ठेवीपर्यंत ती मान्य केली नाहीं. ज्याच्या हातून पुरावा निघाला त्यालाच तो पुरावा आपल्या मताविरुद्ध वाटला नाहीं! मग बारा वर्षांच्या मुलानें एकदां नियम ऐकून आपली जन्मभराची समजूत टाकली नाहीं, तर त्याच्यावर रागावण्यांत कोणता न्याय?

या विचाराचा शिक्षणाशीं संबंध शास्त्रशिक्षणाच्या अभ्यासकांनीं विशेषतः १९७० नंतर जोडला. नाणें सरळ वर उडविलें असतां वर जातांना त्यावर कोणतीं बलें असतात, या साध्या प्रश्नाला महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी 'हाताचें वरच्या दिशेचें बल' असें उत्तर देतात, हें जॉन क्लेमंट यानें १९८२ सालीं दाखविलें. हवेचा अल्प विरोध सोडला तर तेथें खालीं ओढणारें गुरुत्वबल एवढेंच असतें. त्याच वर्षीं पॉस्नर, स्ट्राइक, ह्यूसन व गर्टझोग या संशोधकांनीं कूनच्या विचाराचा आधार घेऊन, विद्यार्थ्याची कल्पना बदलण्यास चार गोष्टी लागतात असें मांडलें. जुन्या कल्पनेविषयीं त्याच्या मनांत असमाधान उत्पन्न व्हावें. नवी कल्पना त्यास समजावी. ती संभवनीय वाटावी. आणि तिच्या योगें नवे प्रश्न सुटतील अशी आशा त्यास दिसावी. सामान्य शिकवणींत दुसऱ्या गोष्टीवरच बहुतेक सारा भर असतो. पहिली गोष्ट तर वर्गांत क्वचितच घडते, कारण विद्यार्थ्याची जुनी कल्पना कोणी विचारलेलीच नसते.

मुंबई येथें १९७४ सालीं स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रांतही अशा कल्पनांचा अभ्यास झालेला आहे. तेथील संशोधकांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत, सापेक्ष गतीविषयीं विद्यार्थी मनांत कोणत्या निराळ्या समजुती बाळगतात याचा शोध घेतला आहे. नौका आणि तीर यांचा आर्यभटाचा प्रश्न आजच्या विद्यार्थ्यांपुढेंही उभाच आहे, असा याचा अर्थ.

येथवर विद्यार्थ्याच्या चौकटीचा विचार झाला. पण शिकविणाऱ्याचीही एक चौकट असते, आणि ती विद्यार्थ्याच्या चौकटीहून अधिक घट्ट असते. मुलाचें मन म्हणजे रिकामें भांडें. शिक्षकानें ओतावें, मुलानें सांठवावें आणि परीक्षेंत तें मोजून द्यावें, ही ती चौकट होय. या चौकटींत चूक म्हणजे भांडें न भरणें; तिच्यावर उपाय एकच, पुनः ओतणें. परंतु येथेंही एक विसंगति दिसून आली आहे. हॅलून व हेस्टेनिस या अमेरिकेंतील संशोधकांनीं १९८५ सालीं, आकडेमोड न लागणारे साध्या भाषेंतील प्रश्न विचारून विद्यार्थ्यांची बलाविषयींची समजूत तपासली. परंपरागत व्याख्यानांनीं ती फारच थोडी बदलते, असें त्यांस दिसून आलें. हार्वर्डमधील एरिक माझुर हे लोकप्रिय प्राध्यापक. आपल्या विद्यार्थ्यांबाबत तरी असें घडणार नाहीं, या विश्वासानें त्यांनीं १९९० च्या सुमारास तसेच प्रश्न आपल्या वर्गास घातले. तेव्हां एका विद्यार्थिनीनें विचारलें, कीं उत्तर तुम्हीं शिकविलें त्याप्रमाणें लिहूं, कीं मी नेहमीं विचार करतें त्याप्रमाणें लिहूं? परीक्षेसाठीं एक जग आणि स्वतःसाठीं दुसरें, अशी फाळणी तिच्या मनांत झालेली होती.

माझुर यांनीं यावर जो मार्ग काढला तो साधा आहे. थोडें सांगून झालें कीं ते एक प्रश्न घालतात. प्रत्येकानें आधीं एकट्यानें विचार करून उत्तर नोंदवावयाचें, मग शेजाऱ्यास तें पटवून देण्याचा यत्न करावयाचा, आणि नंतर पुनः उत्तर द्यावयाचें. नुकतेंच ज्यास समजलें त्यास न समजलेल्याची अडचण अध्यापकापेक्षां अधिक चांगली कळते. अशा निरनिराळ्या रीतींचा एकत्रित आढावा रिचर्ड हेक यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत ६२ अभ्यासवर्गांतील ६,५४२ विद्यार्थ्यांची माहिती होती. सुधारणेस जेवढा वाव होता त्यापैकीं प्रत्यक्षांत किती सुधारणा झाली, हें त्यांनीं मोजलें. परंपरागत वर्गांत ती सरासरीनें शेंकडा २३ भरली. विद्यार्थ्यास विचार करण्यास व बोलण्यास लावणाऱ्या वर्गांत ती शेंकडा ४८ होती. म्हणजे नवी रीति सर्व रोगांवरचें रामबाण औषध ठरली असें नव्हे. पण फरक दुपटीचा आहे, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाहीं.

या विचाराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मुलाच्या मनांत बुरिदानसारखी सुसंगत उपपत्ति पूर्ण बांधलेली असते असें सर्व अभ्यासक मानीत नाहींत. आंद्रेआ डीसेसा यांनीं १९९३ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं तीं ज्ञानाचीं सुटीं सुटीं तुकडे असतात, आणि प्रसंग बदलला कीं मूल निराळा तुकडा उचलतें. तसें असेल तर शिक्षकाचें काम चौकट मोडण्यापेक्षां तुकडे योग्य जागीं बसविण्याचें अधिक ठरतें. मात्र दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. मन रिकामें नसतें, आणि त्यांत काय आहे हें विचारल्यावांचून कळत नाहीं. दुसरी मर्यादा अशी, कीं प्रत्येक धडा म्हणजे क्रांति नव्हे. पाढे पाठच करावे लागतात, आणि प्रयोगशाळेंत मोजमाप सरावानेंच येतें. स्वतः कूननेंही चौकटींत राहून केलेल्या चिकाटीच्या कामाचें महत्त्व मुळींच कमी लेखलेलें नाहीं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुलाच्या उत्तराचा मान राखावयाचा म्हणजे तें बरोबर ठरवावयाचें असा अर्थ कोणीं घेऊं नये. कूननें ॲरिस्टॉटल समजून घेतला, पण म्हणून तो न्यूटनला सोडून ॲरिस्टॉटलकडे परत गेला नाहीं. समजून घेणें निराळें आणि मान्य करणें निराळें.

यासाठीं महाग उपकरणें लागत नाहींत. पन्नास मुलांच्या वर्गांतही एक चेंडू, एक फळी, गोणपाटाचा तुकडा आणि थोडा धीर एवढें पुरतें. क्रम मात्र पाळावा लागतो. प्रयोगाच्या आधीं प्रत्येकानें आपलें भाकित पाटीवर लिहावें, म्हणजे मागाहून 'मला ठाऊकच होतें' असें म्हणण्यास जागा राहत नाहीं. मग प्रयोग व्हावा. भाकित फसलें तर कां फसलें, हें मुलांनींच एकमेकांस सांगावें. नियमाचें नांव सर्वांत शेवटीं यावें. कारण भूक लागण्यापूर्वीं वाढलेलें पान वायां जातें. यांत वेळ जातो हें खरें. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई ज्यांच्या मागें आहे त्यांची अडचण खोटी नाहीं. परंतु जो भाग शिकवून झाला पण समजला नाहीं, तो पुरा झाला असें कोणत्या हिशेबानें म्हणावयाचें?

आतां तोच वर्ग, तोच चेंडू आणि तोच मुलगा पुनः डोळ्यांपुढें आणावा. "गुरुजी, त्याच्यांतला जोर संपला," असें तो म्हणतो. गुरुजी या खेपेस म्हणतात, "बरें. हा जोर कोठें गेला असेल, बाळ? हाच चेंडू गोणपाटावर सोडला तर जोर लवकर संपेल कीं उशिरां? आणि गुळगुळीत फळीवर?" मुलगा विचार करतो. गोणपाटावर लवकर, फळीवर उशिरां, असें तो सांगतो, आणि तसेंच घडतें. "म्हणजे जोर चेंडूच्या आंत आपोआप संपतो, कीं खालची जमीन त्याला थांबविते?" मुलगा गप्प होतो, पण ही शांतता 'खालीं बस' म्हटल्यानंतरच्या शांततेहून फार निराळी आहे. थोड्या वेळानें पलीकडच्या बांकावरून कोणी तरी विचारतो, "गुरुजी, जमीन अगदींच गुळगुळीत असली तर?"

हा प्रश्न गॅलिलिओचा आहे. तो वर्गांतून उठला, म्हणजे गुरुजींचें निम्मेंअधिक काम झालें.